पहिल्या पंगतीचे पान

श्रोतेहो, लग्नाच्या जेवणावळीत पहिल्या पंगतीला कोणी बसावयाचे, या प्रश्नाने आपल्या समाजात किती रुसवेफुगवे घडविले आहेत हे मी सांगावयास नको. अन्न तेच, वाढपी तेच, पळसाची पत्रावळही तीच. परंतु पहिली पंगत ती पहिली पंगत. खेळांच्या स्पर्धांतही अशी पहिली पंगत असते. तिच्यात कोणत्या संघाचे पान मांडावयाचे आणि कोणाला दारात ताटकळत ठेवावयाचे, हे कोणीतरी, कोणत्यातरी नियमाने ठरवीत असते. सामना कोणी जिंकला याची चर्चा चव्हाट्यावर होते. सामन्याला कोणाला बोलाविले होते याची चर्चा फार थोडे लोक करतात. आजच्या भाषणात मी त्या बोलावण्याचा इतिहास आपणापुढे मांडणार आहे.

प्रथम एक परदेशी उदाहरण घेऊ, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होईल. इंग्लंडच्या उत्तर भागात रग्बी लीग नावाचा खेळ लोकप्रिय आहे. लांबट चेंडू, एका बाजूस तेरा गडी, आणि अंगाला अंग भिडवून प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसावयाचे, असा हा मर्दानी खेळ. याचा जन्मच मुळी पंक्तिप्रपंचातून झाला. यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांतील गिरण्यांत आणि खाणींत राबणारे मजूर रग्बी खेळत. खेळासाठी कामावर खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून देण्याची मुभा असावी, अशी त्यांच्या क्लबांची मागणी होती. खेळासाठी पैसा घेणारा गडी आम्हांस नको, असे म्हणून वरिष्ठ धुरीणांनी ती फेटाळली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी आपली चूल वेगळी मांडली. तीच पुढे रग्बी लीग म्हणून प्रसिद्धीस आली.

या खेळाच्या वरच्या वर्गास १९९६ पासून सुपर लीग असे नाव आहे. त्यात कोणते क्लब घ्यावयाचे याचे नियम वरचेवर बदलत गेले. काही वर्षे तळाचा क्लब खाली जाई व खालच्या वर्गातील विजेता वर येई. २००९ ते २०१४ या काळात क्लबांना ठराविक मुदतीचे परवाने देण्यात आले. मग पुन्हा चढउताराची पद्धत आली. आणि २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक क्लबाची वीस गुणांची गुणपत्रिका तयार करण्यात आली. मैदानावरील कामगिरीस पाच गुण, चाहत्यांच्या पाठिंब्यास पाच, आर्थिक स्थितीस साडेचार, क्रीडांगण व त्यावरील सोयींस तीन, आणि क्लबाच्या आसपासच्या वस्तीस अडीच. पंधरा किंवा अधिक गुण मिळविणारा क्लब पहिल्या प्रतीचा. त्याचे स्थान निर्धास्त. उरलेल्या जागा गुणानुक्रमे भरावयाच्या. याचा परिणाम काय झाला पाहा. लंडन ब्रॉन्कोज या क्लबाने ऑक्टोबर २०२३ मध्ये खालच्या वर्गाचा अंतिम सामना जिंकून वर येण्याचा हक्क मिळविला. परंतु त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या तात्पुरत्या गुणपत्रिकेत त्याचा क्रमांक चोविसावा होता. वरच्या वर्गातील जागा अवघ्या बारा. म्हणजे २०२४ च्या हंगामाचा पहिला सामना खेळण्यापूर्वीच, हंगामाअखेर आपले पान उचलले जाणार, हे त्या गड्यांना जवळजवळ कळून चुकले होते. आणि झालेही तसेच.

मी आयुष्यभर गुणपत्रिका भरण्याचेच काम केले. मुलाच्या घराच्या खोल्या आणि बापाची मिळकत मोजून त्यास वरच्या वर्गात बसवावयाचे, ही कल्पना माझ्यासारख्या मास्तरास प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटणारच. पण दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. एका वर्षीच्या विजयाच्या भरात वर यावे, मोठ्या पगाराचे गडी आणावेत, दुसऱ्या वर्षी हरून खाली जावे आणि कर्जात बुडावे, अशी वेळ क्लबांवर येऊ शकते. ज्याचे घर भक्कम त्यालाच वर घ्यावे, म्हणजे सारी स्पर्धाच भक्कम होईल, असा व्यवस्थापकांचा युक्तिवाद आहे. तो अगदीच टाकाऊ नाही.

तात्पर्य, पहिल्या पंगतीसाठी चार मापे संभवतात. एक जन्माचे, म्हणजे तुम्ही कोणत्या जातिधर्माचे. दुसरे भूमीचे, म्हणजे तुम्ही कोणत्या प्रांताचे. तिसरे कर्तृत्वाचे, म्हणजे तुम्ही मैदानावर काय केले. आणि चौथे ऐपतीचे, म्हणजे तुमच्यापाशी पैसा, प्रेक्षक व क्रीडांगण किती. इंग्लंडातील वाद मुख्यतः शेवटच्या दोहोंपुरता आहे. आपल्या देशाने मात्र क्रिकेटच्या खेळात ही चारही मापे लावून पाहिली आहेत, आणि त्या प्रत्येकाची किंमतही मोजली आहे.

पहिले माप मुंबईने लावले. १८९२ पासून मुंबई इलाख्यात युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने दरसाल होऊ लागले. पारशी समाजाने एतद्देशीयांत हा खेळ प्रथम आत्मसात केला, म्हणून साहेबाच्या पंक्तीस पहिले पान त्यांचे. हिंदूंनी १८९४ मध्ये आपला जिमखाना स्थापला, परंतु पानासाठी त्यांस आणखी बारा वर्षे थांबावे लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये त्यांनी युरोपियन संघास १०९ धावांनी हरविले, आणि दुसऱ्याच वर्षी, १९०७ मध्ये, सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान संघ आला व ते चौरंगी झाले. १९३७ मध्ये या चोहोंत न बसणाऱ्या हिंदी ख्रिस्ती, ज्यू इत्यादींचा 'इतर' या नावाचा संघ घेण्यात आला व सामने पंचरंगी झाले. ज्यांचे नावच 'इतर', त्यांना पंगतीत बसविले तरी कोठे बसविले हे नावावरूनच समजते.

या मापातील अन्याय केवळ पंगतीच्या दारापाशी नव्हता, तो पंगतीच्या आतही होता. १९०६ चा विजय ज्यांच्या गोलंदाजीशिवाय शक्य नव्हता, ते पळवणकर बाळू हे तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या चर्मकार जातीतील होते. पुण्यास गोऱ्या लोकांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखीत आणि सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकीत. तेथे त्यांचे डावखुरे कसब तयार झाले. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून विजय अशक्य होता. परंतु मैदानावर ज्यांच्या हातचा चेंडू चालत असे, त्यांना चहा मात्र मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या पात्रात दिला जाई. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ विलायतेस गेला. त्याची निवडही जमातवार वाटणीने झाली होती. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर गडी बाद केले. इतके होऊनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. १९२० मध्ये त्यांस डावलल्याबद्दल शिवराम व विठ्ठल या त्यांच्या धाकट्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर तडजोड होऊन बाळूंना उपकप्तान करण्यात आले. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले व संघाने त्या वर्षी विजय मिळविला. एका पिढीचे कर्तृत्व झिजले, तेव्हा दुसऱ्या पिढीसाठी दार उघडले.

या सामन्यांस गर्दी लोटे, खेळही उत्तम होई, हे खोटे नाही. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंटांनी नाबाद २५० धावा केल्या, आणि उत्तरादाखल 'इतर' संघाच्या ३८७ धावांच्या दुसऱ्या डावात एकट्या विजय हजारे यांनी ३०९ धावा काढल्या. सांगलीस जन्मलेल्या या ख्रिस्ती तरुणाने त्या दिवशी 'इतर' या शब्दाला जो मान मिळवून दिला, तो कोणत्याही नियमाने मिळाला नसता. परंतु खेळ उत्तम म्हणून माप उत्तम, असे होत नाही. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी आमच्या विदर्भातील वर्धा येथे गांधीजींचा सल्ला घेण्यास गेली. शाळांचे किंवा संस्थांचे सामने आपण समजू शकतो, पण खेळाच्या मैदानावर धर्मवार संघ कशासाठी हे आपणास कधीच उमगले नाही, अशा आशयाचा स्पष्ट अभिप्राय त्यांनी दिला. त्यानंतरही हे सामने काही वर्षे चालले, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर कायमचे बंद पडले. देशाची फाळणी तेव्हा दाराशी येऊन ठेपली होती.

दुसरे माप भूमीचे. १९२८ च्या डिसेंबरात क्रिकेटचे नियामक मंडळ स्थापन झाले, आणि १९३४ मध्ये सिमला येथील बैठकीत प्रांतवार संघांची राष्ट्रीय स्पर्धा ठरली. रणजितसिंहांच्या नावाचा चषक पतियाळाच्या महाराजांनी दिला. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर मद्रास विरुद्ध म्हैसूर हा पहिला सामना झाला, व तो एका दिवसातच आटोपला. जातिधर्म न विचारता गाव विचारावयाचे, हे मोठेच पाऊल होते. पळवणकरांना मातीच्या पात्रात चहा देणाऱ्या व्यवस्थेला यापेक्षा सभ्य उत्तर देता आले नसते.

पण गाव कोणत्या प्रांतात, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. आणि याचा अनुभव आम्हां बुलढाणेकरांइतका थोड्यांनाच असेल. आमचा जिल्हा वऱ्हाडातला. वऱ्हाड मूळचे निजामाच्या मालकीचे. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि १९०३ मध्ये कारभारापुरते मध्यप्रांतास जोडले गेले. १९५० मध्ये त्या सबंध प्रांतास मध्य प्रदेश हे नाव मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात. मेहकरच्या किंवा खामगावच्या एखाद्या म्हाताऱ्याने आपल्या घराचा उंबरठा न ओलांडता दहा वर्षांत तीन राज्यांचे नागरिकत्व उपभोगले. चषकाच्या स्पर्धेतही हीच कथा. पहिल्या हंगामापासून आमचा संघ 'मध्यप्रांत व वऱ्हाड' या नावाने खेळला. म्हणजे वऱ्हाडास नावात तरी जागा होती. १९५०-५१ पासून तो मध्य प्रदेश झाला व वऱ्हाडाचे नाव पुसले गेले. १९५७-५८ मध्ये विदर्भाचा स्वतंत्र संघ उतरला. राज्य मुंबईचे, नंतर महाराष्ट्राचे. पण संघ निराळा, आणि स्पर्धेतील विभागही पश्चिम नव्हे, मध्य.

अशा रीतीने एका महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ नांदू लागले, व आजही नांदत आहेत. मलकापूरहून आगगाडीने भुसावळ तासाभराच्या आत येते. भुसावळचा मुलगा मोठा झाला तर 'महाराष्ट्र' संघात जावयाचा, मलकापूरचा विदर्भाच्या. देऊळगाव राजा आणि जालना ही शेजारची गावे. त्यांतही हीच सीमारेषा. आमच्या मुलाचा रस्ता तीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या नागपूरकडे जातो. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही, कारण सीमा कोठेतरी आखावीच लागते. परंतु भूमीचे माप हे न्यायाचे नसून सोयीचे आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा समितीची 'एक राज्य, एक मत' ही शिफारस मान्य केली, तेव्हा आमच्या तीन संघटनांस मिळून एकच मत उरणार होते. २०१८ च्या ऑगस्टात न्यायालयाने तिघांचेही पूर्ण सभासदत्व परत मान्य केले. इतिहासाने जे वेगळे वाढले ते एका ओळीच्या सूत्राने एकत्र होत नाही, हे त्यामागील व्यावहारिक शहाणपण होय. उलटपक्षी, बिहारसारख्या प्रचंड राज्याचा संघ, झारखंड वेगळे झाल्यानंतर, अनेक वर्षे या स्पर्धेबाहेर राहिला व २०१८-१९ मध्येच परत आला. त्या वर्षांत तेथे जन्मलेल्या मुलाचा दोष एवढाच, की त्याच्या गावचा कागद कोठे सापडत नव्हता.

भूमीच्या मापात आणखी एक उणीव होती. विभागवार सामन्यांत प्रथम फक्त विभागाचा विजेता पुढे जाई. १९७०-७१ पासून दोघे, आणि १९९२-९३ पासून तिघे जाऊ लागले. बलाढ्य शेजाऱ्यांच्या विभागात जन्मलेला मध्यम संघ वर्षानुवर्षे तेथेच अडके. पश्चिम विभागात मुंबई होती. आणि मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वर्षे चषक आपल्या घरी ठेविला. तिच्या शेजाऱ्यांनी काय करावे? दुबळ्या प्रांतातील गुणवंतही मग दुसऱ्या घराकडे पाहू लागे. नागपूरचे कोट्टारी कनकय्या नायडू १९१६ मध्ये हिंदू संघातून पुढे आले, १९२६ मध्ये विलायती पाहुण्यांविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा करून सर्व देशास ठाऊक झाले, आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर देशाचे पहिले कसोटी कप्तान झाले. परंतु त्यांचे बहराचे दिवस इंदूरच्या होळकर दरबारी गेले. होळकर संघाने पुढे चार वेळा चषक जिंकला. नायडूंची जन्मभूमी दुरून टाळ्या वाजवीत राहिली.

तिसरे माप कर्तृत्वाचे. मुंबईच्या क्लबांनी ते फार पूर्वीच स्वीकारले होते. १९४८ मध्ये डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ पावसाळ्यात खेळावयाची साखळी स्पर्धा तेथे सुरू झाली. हे कांगा १९११ च्या दौऱ्यात बाळूंचे सहकारी होते. या स्पर्धेत क्लबांचे वर्ग पाडलेले असतात. जिंकणारा वरच्या वर्गात चढतो, हरणारा खाली उतरतो. चिखलातल्या खेळपट्टीवर नामांकित फलंदाजाचाही त्रिफळा उडतो, आणि जिमखान्याच्या श्रीमंतीचे गुण कोणी देत नाही.

राष्ट्रीय स्पर्धेत हे माप २००२-०३ मध्ये आले. विभाग मोडून 'एलिट' आणि 'प्लेट' असे दोन वर्ग करण्यात आले. २००६-०७ पासून वरच्या वर्गास काही वर्षे सुपर लीग असेही म्हणत. नाव इंग्लंडातल्यासारखेच, खेळ मात्र निराळा. 'प्लेट' या शब्दाचा आपल्या घरगुती भाषेतील अर्थ बशी; म्हणजे पहिल्या पंगतीला पान आणि दुसरीला बशी, असे कोणी विनोदाने म्हणाल्यास त्यास दोष देता येणार नाही. विदर्भाची त्या काळातील बरीच वर्षे या बशीवरच गेली. खालच्या वर्गात राहिल्याने प्रबळ संघांशी गाठ पडत नाही, गाठ न पडल्याने खेळ सुधारत नाही, आणि खेळ न सुधारल्याने वर जाता येत नाही. हे दुष्टचक्र शाळेतील मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या बाबतीत मी पुष्कळदा पाहिले आहे.

त्यावर उपाय निघाला तो २००८-०९ मध्ये. प्लेटमधील दोन सरस संघांना त्याच वर्षी बाद फेरीत वरच्यांबरोबर खेळू द्यावयाचे, असे ठरले. दार किंचित किलकिले झाले, आणि दोनच वर्षांनी त्यातून कोण आत आले पाहा. २०१०-११ मध्ये पुण्याच्या हृषीकेश कानिटकरांच्या नेतृत्वाखाली राजस्थानचा संघ प्लेटमधून आला व थेट चषक घेऊन गेला. प्लेटमध्ये असताना याच संघाने हैदराबादचा डाव अवघ्या २१ धावांत गुंडाळला होता. दुसऱ्या वर्षीही चषक राजस्थानकडेच राहिला. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्राचा संघ खालच्या 'क' गटातून येऊन, वाटेत मुंबईला नमवून, अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. खालच्या पंगतीतल्यांची भूक कमी असते, हा समज त्या दोन वर्षांनी खोटा ठरविला.

विदर्भाची वेळ आली ती २०१७-१८ मध्ये. त्या हंगामात सर्व २८ संघांचे सात-सातांचे चार सारखे गट होते. वरचा वर्ग नाही, खालचा नाही. फैज फजल कप्तान, मुंबईचे चंद्रकांत पंडित मार्गदर्शक, आणि मुंबईहूनच आलेले वसीम जाफर संघातील वडीलधारे. इंदूरच्या मैदानावर, ज्याला होळकरांचे नाव आहे त्याच मैदानावर, १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने प्रथमच चषक जिंकला. स्वतंत्र संघ उतरल्यास साठ वर्षे झाली होती. दुसऱ्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, नऊ नवे संघ प्लेटमध्ये दाखल झाले. त्यांपैकी पहिला आलेला उत्तराखंड उपान्त्यपूर्व फेरीत नागपूरजवळ जामठ्यास विदर्भाशी खेळावयास आला. काल जो दारात उभा होता तो आज यजमान होता. विदर्भाने तो सामना डावाने जिंकला व पुढे चषकही राखला. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भ आणि केरळ समोरासमोर आले. दोघांचीही कित्येक वर्षे प्लेटमध्ये गेलेली. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्च २०२५ रोजी विदर्भाने तिसऱ्यांदा चषक घेतला.

हे यश केवळ दार उघडल्याने आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जामठ्याचे क्रीडांगण २००८ मध्ये तयार झाले, मुलांच्या शिक्षणाची सोय झाली, बाहेरचे जाणते शिक्षक बोलाविले गेले. म्हणजे चौथे माप जे ऐपतीचे, त्याचाही यात वाटा आहे. नागपूरजवळच्या खाणकामगाराच्या घरातून उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाच्या संघात आले आणि २०११ मध्ये कसोटीपटू झाले. विदर्भातर्फे खेळत कसोटीपर्यंत पोहोचलेले ते पहिले. हडर्सफील्डच्या सभेत ज्यांच्या बुडीत मजुरीचा प्रश्न होता, त्याच कष्टकरी वर्गातील हा तरुण. त्याच्या पाठीशी संघटना नसती तर नुसत्या वेगाने तो कोठवर गेला असता?

परंतु ऐपत पाठीशी असणे निराळे आणि ऐपतीनेच प्रवेश मिळणे निराळे. २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगचे पहिले आठ संघ लिलावात विकले गेले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीतही संघाची मालकी हाच प्रवेशाचा मार्ग. तेथे शेवटचा आलेला खाली जात नाही, आणि बाहेरचा कितीही जिंकला तरी आत येत नाही. या स्पर्धांनी गरीब घरच्या खेळाडूंना पैसा दिला, कबड्डीसारख्या आपल्या मातीतल्या खेळाला दूरचित्रवाणीवर मान दिला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. व्यक्तीला तेथे वाव आहे. गावाला मात्र नाही. जळगाव जामोदच्या एखाद्या कबड्डी मंडळाने वीस वर्षे सामने जिंकले, तरी त्या पंगतीत त्याचे पान कधी मांडले जावयाचे नाही. गुणवान मुलगा तेवढा उचलला जाईल, मंडळ आहे तेथेच राहील. नायडूंच्या काळात दरबार जे करीत, ते आता बाजार करतो, एवढाच फरक.

तर मग माप कोणते निवडावे? एकाच मापाने सर्व मोजावे असा माझा आग्रह नाही. आजच्या रणजी स्पर्धेत ३८ संघ आहेत, ३२ एलिटमध्ये व सहा प्लेटमध्ये. तेथे भूमी, कर्तृत्व व सोय यांचे मिश्रणच आहे. क्रीडांगण धड नसेल तर सामना होणार नाही, तिजोरी रिकामी असेल तर गड्यांची मजुरी बुडेल. तेव्हा व्यवस्थेस काही गुण असावेत हे न्याय्यच आहे. मात्र तीन गोष्टी कोणत्याही मापात असल्या पाहिजेत, असे मला इतिहास शिकवितो. नियम हंगामापूर्वी सांगितलेला असावा. तो सर्वांना सारखा लागू असावा. आणि शिडीची निदान एक पायरी अशी असावी, की जी केवळ मैदानावर जिंकूनच चढता येते आणि जिंकणाऱ्याच्या पायाखालून कोणी काढून घेऊ शकत नाही. पहिल्या दोन अटी इंग्लंडच्या गुणपत्रिकेने पाळल्या. तिसरी तिने सैल केली, आणि म्हणूनच लंडनच्या गड्यांना जिंकल्याच्या महिन्यातच हरल्याची बातमी मिळाली.

वरच्या वर्गात कोण बसतो हा प्रश्न तेथे बसलेल्यांपेक्षा खाली उभ्या असलेल्यांचा अधिक आहे. जिल्ह्याच्या गावी उन्हाळ्याच्या सुटीत, वखराने सपाट केलेल्या वावरात खेळणारी मुले मी पाहतो. त्यांतील बहुतेकांना कोणत्याच पंगतीचे आमंत्रण येणार नाही, आणि त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. खेळाचा आनंद त्यांना मिळालेलाच आहे. पण ज्या एखाद्याच्या हाती खरोखर कसब असेल, त्याला आपल्या वावरापासून जामठ्यापर्यंतची वाट अखंड आहे, एवढा भरवसा असला पाहिजे. बाळूंच्या काळी ती वाट जातीपाशी अडे, पुढे ती विभागापाशी अडली, आणि उद्या ती तिजोरीपाशी अडेल. ती अडू न देणे हे स्पर्धा भरविणारांचे काम आहे. आणि ती कोठे अडते याकडे डोळे उघडे ठेवून पाहणे, हे श्रोतेहो, आपले.